जीपचा पुढचा शाफ्ट घेताना

हातातलं काम हातात असू द्या, कान तेवढे इकडे द्या. आजचा विषय जरा ऑइल-ग्रीसचा आहे. पण तो पुरुषांचा म्हणून सोडून देऊ नका, कारण त्यात पैसा आपला जातो.

आपल्या डोंगरपट्ट्यातल्या काही बचत गटांकडे जुनी फोर बाय फोर जीप आहे, मागे हौदा असलेली. पावसाळ्यात वरच्या वाड्यांवरून दूध खाली आणायचं, भाजी बाजाराला न्यायची, रेशनचं धान्य वर न्यायचं, हे सगळं तिच्यावर चालतं. रात्री-अपरात्री एखादी अडलेली बाई दवाखान्यात पोचवायची तर पुढच्या सीटवर तिला बसवून हीच जीप निघते. आणि अशी जीप ऐन आषाढात चिखलात उभी राहते. मिस्त्री खाली वाकून बघतो आणि सांगतो, "ताई, पुढचा शाफ्ट गेला. आता साधा नको, भारीतला टाकू." भारीतला म्हणजे काय, किती भारी, आणि तो टाकल्यावर पुन्हा तुटणार नाही का, हे विचारायला आपल्याला शब्द नसतात. आपण फक्त चेकवर सह्या करतो. आज ते शब्द घेऊ.

आमचं तालुक्याच्या गावी गॅरेज आहे. सुटे भाग आणणं, पावत्या सांभाळणं माझ्याकडे असतं आणि गरज पडली की पाना हातात घेऊन मी गाडीखालीही जाते. त्यामुळे सांगते ते हाताखालून गेलेलं आहे.

आधी शाफ्ट म्हणजे काय ते बघू. बैलगाडी सगळ्यांनी पाहिली आहे. तिचा आस जागचा हलत नाही. गाडीचं सगळं ओझं त्याच्यावर असतं आणि तुंबा त्याच्याभोवती फिरतो. जीपच्या पुढच्या बाजूला ही दोन कामं वेगळी केलेली आहेत. बाहेरून जाड लोखंडी नळी दिसते, ती ओझं उचलते. त्या नळीच्या आत जो दांडा फिरतो तो ॲक्सल शाफ्ट. त्याच्यावर गाडीचं वजन नसतं. त्याचं काम एकच, इंजिनाचा जोर पिळासारखा चाकापर्यंत पोचवायचा. ओलं लुगडं दोघींनी दोन टोकांना धरून पिळतो ना, तसा पीळ त्याच्यात बसतो.

मागच्या चाकाला फक्त ढकलायचं असतं. पुढच्या चाकाला ओढायचंही असतं आणि वळायचंही असतं. म्हणून पुढचा शाफ्ट अखंड नसतो. आत लांब तुकडा, बाहेर आखूड तुकडा आणि मध्ये वळणारा सांधा. ही जीप मुळात दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत बनली. १९४१ पासून विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. घाई इतकी होती की सांधे मिळतील तसे चार तऱ्हांचे बसवले. बेंडिक्स, झेप्पा, ट्रॅक्टा आणि स्पायसर अशी त्यांची नावं. स्पायसर म्हणजे आपले मिस्त्री ज्याला क्रॉस म्हणतात तो. युद्ध संपल्यावर महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि त्याच घराण्यातल्या गाड्या आज आपल्या घाटात चालतात. सांगायचं कारण असं, की दोन जुन्या जीपा बाहेरून सारख्या दिसल्या तरी आतला सांधा सारखा असेलच असं नाही. म्हणून फोनवरून "जीपचा शाफ्ट पाठवा" असं कधी सांगू नका.

आता जोर किती असतो ते ऐका. युद्धातल्या त्या जीपचा पहिला गिअर इंजिनाचा जोर साधारण २.६६ पट करायचा. फोर बाय फोरचा लो गिअर टाकला की तो आणखी १.९७ पट. मग पुढच्या डिफरन्शियलमध्ये ४.८८ पट. तिन्हींचा गुणाकार केला तर २५ पटीच्या वर जातो. हा सगळा जोर चारही चाकांत वाटला जातो तेव्हा ठीक. पण मागची दोन्ही चाकं चिखलात किंवा हवेत आणि पुढची दोन्ही दगडात घट्ट अडकलेली असतील, तर पुढच्या शाफ्टवर त्याच्या वाट्याहून कितीतरी जास्त जोर येतो. चाक घसरतं तोवर शाफ्ट वाचतो. घसरणारं चाक एकदम दगडाला धरतं, तेव्हा तो तुटतो.

आता मुख्य गोष्ट. नवा शाफ्ट निवडण्याआधी जुना का तुटला ते बघायचं. तुटलेले तुकडे मिस्त्रीकडून मागून घ्या. भंगारात टाकू देऊ नका. ते तुकडे बोलतात.

तुटलेला तोंडवळा बघा. एका बाजूला गुळगुळीत भाग, त्यावर ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा बारीक रेघा, आणि उरलेला भाग खडबडीत असेल, तर चीर आधीच पडलेली होती. ती हळूहळू वाढत गेली आणि शेवटी तुटली. तो शाफ्ट थकलेला होता. सगळा तोंडवळा ताजा आणि दाणेदार असेल, तर एका झटक्यात तुटला. आणि शाफ्टच्या टोकाला जे दाते असतात, ज्यांना स्प्लाइन म्हणतात, ते सरळ न राहता दोरीसारखे पिळलेले दिसले, तर त्याच्यावर त्याच्या ताकदीबाहेरचा जोर पडत होता. थकून गेला असेल तर साधा नवा शाफ्टही वर्षानुवर्षं चालेल. पीळ बसला असेल तरच ताकदवान शाफ्टचा विचार करायचा, आणि तेव्हाही एवढा जोर आला कुठून हे विचारायचं.

जोर येण्याची नेहमीची कारणं सांगते. पहिलं, मोठे टायर. चाक मोठं झालं की तरफ लांब झाली. तेवढीच पकड असली तरी शाफ्टला जास्त पीळ बसतो. दुसरं, पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या मापाचे किंवा दोन नवे आणि दोन झिजलेले. फोर बाय फोरमध्ये पुढची आणि मागची चाकं एकाच वेगाने फिरायला बांधलेली असतात. टायर वेगळे असले की दोन्ही बाजू एकमेकींशी भांडतात आणि ते भांडण शाफ्टमध्ये साठतं. तिसरं, डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर चालू ठेवणं. चिखलात चाक थोडं घसरून ताण सोडतं, डांबरावर सोडत नाही. चौथं, मूळ इंजिन काढून मोठं डिझेल इंजिन बसवलेलं असणं. ही चार कारणं तशीच ठेवून नुसता शाफ्ट बदलला, तर पुढच्या आषाढात पुन्हा तेच.

आता खरेदी. दुकानात किंवा लेथवाल्याकडे गेलात की पाच प्रश्न विचारा. वहीत लिहून घ्या.

पहिला प्रश्न, माप काय? जुन्या जीपमध्ये पुढचा डिफरन्शियल मधोमध नसतो, एका बाजूला सरकलेला असतो. म्हणून एका बाजूचा आतला शाफ्ट लांब आणि दुसऱ्या बाजूचा आखूड. डावा की उजवा, आतला की बाहेरचा, लांबी किती, दोन्ही टोकांचे दाते किती आणि सांधा कोणता, हे सगळं लिहूनच घेऊन जायचं. जमलं तर जुना तुकडाच पिशवीत घालून न्या.

दुसरा प्रश्न, सर्वांत बारीक जागी जाडी किती? शाफ्टची ताकद जाडीच्या घनाने वाढते. म्हणजे ३० मिलिमीटरचा शाफ्ट ३३ चा केला, नुसता तीन मिलिमीटर जाड, तरी त्याची पीळ सोसायची ताकद सुमारे एक तृतीयांशाने वाढते. पण ही जाडी दात्यांच्या मुळाशी मोजायची. मधला दांडा जाड आणि टोकाला दाते जुनेच असतील तर तो टोकालाच तुटेल. आणि जास्त दात्यांचा जाड शाफ्ट हवा असेल तर तो डिफरन्शियलच्या आतल्या ज्या गिअरमध्ये बसतो तो गिअरही बदलावा लागतो. तो खर्च दुकानदार आधी सांगत नाही. आपण विचारायचा.

तिसरा प्रश्न, पोलाद कोणतं? आपल्याकडे लेथवाले तीन नावं सांगतात. ईएन ८ म्हणजे साधं कार्बनचं पोलाद. ईएन १९ मध्ये क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असतं. ईएन २४ मध्ये त्यांच्या जोडीला निकेल असतं. परदेशी शाफ्टवर ४३४० असा आकडा असतो, आणि मिस्त्री त्याला क्रोमोली म्हणतात. ते पोलाद आपल्या ईएन २४ च्याच जातीचं आहे. म्हणून "बाहेरच्या देशातलं आहे" एवढ्यावर भुलू नका. ईएन २४ ची सळई आपल्याकडे मिळते.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पाणी दिलंय का? लोहाराकडे विळा करायला टाकतो तेव्हा तो तापवून पाण्यात बुडवतो. पाणी न दिलेला विळा पहिल्या पेंढीतच वाकतो. पाणी जास्त झालं तर दगडाला लागून धार तुटते. शाफ्टचंही तेच आहे. चांगली ईएन २४ ची सळई आणली, लेथवर कातली, दाते पाडले आणि तशीच बसवली, तर पोलादाचे पैसे वाया गेले. तिला हीट ट्रीटमेंट हवी. वरची साल कडक आणि गाभा चिवट असा तो शाफ्ट व्हायला हवा. हीट ट्रीटमेंटच्या कारखान्याची पावती आणि कडकपणाचा आकडा मागा. घरगुती परीक्षा म्हणजे दात्याच्या टोकाला कानस लावून बघा. कानस लोण्यासारखी चावत गेली तर शाफ्ट मऊ आहे. आणि तुटलेल्या शाफ्टला वेल्डिंग करून देतो असं कुणी म्हटलं तर हात जोडून नको म्हणा. वेल्डिंगच्या आचेने दिलेलं पाणी उतरतं, आणि तो त्याच जोडाशेजारी पुन्हा तुटतो.

पाचवा प्रश्न, हा तुटला नाही तर मग काय तुटेल? घरात विजेचा भार वाढला की फ्यूज उडतो. फ्यूजच्या जागी जाड तार घातली तर फ्यूज वाचतो आणि तार भिंतीत जळते. शाफ्ट खूप ताकदवान केला की जोर पुढच्या कमजोर जागेवर जातो. तो कधी क्रॉस असतो, कधी हब, आणि कधी डिफरन्शियलमधला क्राऊन-पिनियन. क्रॉस गेला तर गॅरेजमध्ये थोड्या खर्चात बदलता येतो. क्राऊन-पिनियन गेला तर गाडी बरेच दिवस उभी आणि खर्च कितीतरी जास्त. म्हणून जुन्या जीपमध्ये मला वाटतं, शाफ्ट क्रॉसपेक्षा ताकदवान असावा, पण क्रॉस हाच फ्यूज राहू द्यावा. क्रॉसच्या टोप्या ज्या कानात बसतात ते शाफ्टचे कान मात्र बघून घ्या. कान ताणले गेले असले की टोपी सैल फिरते आणि नवा क्रॉसही टिकत नाही.

हे पाच प्रश्न हातात घेऊन आता पर्याय बघू. मूळ मापाचा नवा साधा शाफ्ट हा टायर मूळ मापाचे असतील आणि जुना थकून गेला असेल तर पुरे. भंगार बाजारातला जुना शाफ्ट स्वस्त असतो, पण त्याचं आयुष्य किती उरलंय हे दिसत नाही. घ्यायचाच तर दाते सरळ आहेत का, चीर आहे का, कान घट्ट आहेत का हे बघून घ्या, आणि तोही वाट निघेपर्यंत वापरायला. पाणी दिलेला ईएन २४ चा, मूळ मापाचाच शाफ्ट, हा घाटात रोज काम करणाऱ्या जीपला बहुतेक वेळा योग्य. आणि परदेशी तयार शाफ्ट, जास्त दात्यांचा, जाड, हा स्पर्धेत दगडांवर चढवणाऱ्यांचा माल. त्यांचे टायर खूप मोठे असतात आणि आतले गिअरही बदललेले असतात. दूध वाहणाऱ्या जीपला त्याची गरज क्वचितच पडते.

एका गटाची गोष्ट सांगते. नाव नको. त्यांच्या जीपचा लांब बाजूचा शाफ्ट एका पावसाळ्यात दोनदा तुटला. एका मिस्त्रीने परदेशी शाफ्टची जोडी, नवे हब आणि मोठे टायर असा एकत्र भाव दिला होता. गटाच्या खात्यात होतं त्याहून तो जास्त, म्हणजे कर्ज काढावं लागणार. बैठकीत दोन तट पडले. दुधाची गाडी बंद राहिली तर रोजचं नुकसान, म्हणून काही जणी म्हणाल्या, काढा कर्ज. गटाच्या अध्यक्ष बाई दोन्ही वेळचे तुकडे पोत्यात घालून आमच्याकडे आल्या. दोन्ही तुकड्यांचे दाते पिळलेले होते. आम्ही टायर मोजले, तर मागचे दोन पुढच्यांपेक्षा उंच. कुणीतरी स्वस्तात मिळाले म्हणून बसवलेले. आणि ड्रायव्हर घाट उतरून बाजाराच्या डांबरी रस्त्यावर आला तरी फोर बाय फोर काढत नव्हता.

मग त्यांनी असं ठरवलं. चारही टायर मूळ मापाचे एकसारखे. दोन्ही बाजूंना ईएन २४ चे शाफ्ट, पाणी दिल्याच्या पावतीसह. क्रॉस चांगल्या प्रतीचे, पण नेहमीचे, आणि एक क्रॉस जास्तीचा गाडीत ठेवायला. परदेशी जोडी आणि मोठे टायर रद्द. कर्ज लागलं नाही. बैठकीत ज्यांनी कर्जाला हो म्हटलं होतं त्याही काही चुकीच्या नव्हत्या, गाडी लवकर चालू व्हायला हवी ही त्यांची काळजी खरी होती. फरक एवढाच पडला, की निर्णय तुकडे बघून झाला.

एक सूचना कायद्याची. तुटलेला भाग त्याच कामाच्या नव्या भागाने बदलणं ही दुरुस्ती झाली. पण इंजिन, बॉडी असं काही बदललं, की आरसी बुकातली नोंद आणि गाडी जुळत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, त्याचं कलम ५२ यासाठी आहे. असा बदल करण्याआधी आरटीओत विचारा. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न गटावर येतो.

आता गाडी चालवणाऱ्याला सांगायच्या चार गोष्टी. स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना जोरात ॲक्सिलेटर दाबायचा नाही. वळलेल्या सांध्यात ताण सर्वांत जास्त असतो. आधी चाक सरळ, मग जोर. दुसरी, चाक फिरतंय आणि गाडी हलत नाही तर रेस वाढवायची नाही, थांबायचं, दगड-फांद्या चाकाखाली घालायच्या. तिसरी, डांबर लागलं की फोर बाय फोर काढायचं. चौथी, शाफ्ट तुटल्याचा कडाड आवाज आला तर गाडी तशीच पुढे नेऊ नका. आतला तुटका तुकडा सांध्यात अडकला तर स्टिअरिंग जाम होऊ शकतं, आणि घाटात ते जिवावरचं आहे. उभ्या गाडीत स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून बघा. कुठं अडकलं तर तिथंच मिस्त्री बोलवा. अडकत नसेल आणि हब मोकळे करता येत असतील तर दोन्ही हब मोकळे करा, फोर बाय फोर काढा, आणि मागच्या चाकांवर हळूहळू खाली या.

शेवटी नोंदीचं. शाफ्ट बसवण्याआधी त्याच्यावर टोकापासून टोकापर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारून घ्या. पावसाळा संपल्यावर सांधा ग्रीसिंगसाठी उघडाल तेव्हा ती रेघ बघा. सरळ असेल तर ठीक. पिळलेली दिसली तर शाफ्टला पीळ बसायला लागला आहे, तो तुटायच्या आधी बदला. गटाच्या वहीत एक पान जीपचं करा. त्यावर शाफ्ट कधी घेतला, पोलाद कोणतं, पाणी दिल्याची पावती कुठं ठेवली, टायरचं माप काय, हे लिहा. पुढच्या वर्षी अध्यक्ष दुसरी असेल, मिस्त्री दुसरा असेल, पण ते पान राहील.

आणि पुढच्या वेळी मिस्त्री म्हणाला, "ताई, भारीतला टाकू," तर त्याला चहा द्या आणि विचारा, "दादा, जुना तुकडा दाखवा बघू आधी." चांगला मिस्त्री या प्रश्नाने रागावत नाही. उलट खाली बसून नीट समजावतो.

तुमच्या गटाच्या गाडीबद्दल काही विचारायचं असेल तर आपल्या रेडिओ केंद्रावर चिठ्ठी पाठवा. येते मी. नमस्कार.